शनिवार तेल्यांची ओळख

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षांपूर्वी पांढुर्ण्यात मराठी ग्रंथांचे पहिले कपाट उघडले गेले, त्या वेळी येथील मराठी माणसाला आपण अल्पसंख्य आहोत असे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. बाजार नागपूरचा, वृत्तपत्र नागपूरचे आणि सोयरीकही बहुधा नागपूर, काटोल किंवा वरुडकडची. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा-सौसरचा भाग नव्या मध्यप्रदेशात राहिला. जाम नदी होती तेथेच वाहत राहिली, संत्र्याच्या बागा होत्या तेथेच राहिल्या. माणूस जागचा हलला नाही. हलली ती सीमारेषा, आणि एका रात्रीत येथील मराठी भाषक ‘भाषिक अल्पसंख्य’ झाला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी शासकीय भाषेत हे विशेषण त्याला चिकटलेलेच आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. अल्पसंख्य असणे हा कोणाचा जन्मजात गुणधर्म नव्हे. मोजणी कोण करतो, कोठे उभा राहून करतो आणि कशाची करतो, यावर ते अवलंबून असते. पाश्चात्त्य देशांमध्ये धर्म, वंश आणि ओळख यांविषयी गेली दोन शतके जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. हा वाद समजून घेण्यासाठी लंडन-पॅरिसपासून आरंभ करण्याची आवश्यकता नाही. मराठीच मातृभाषा असलेल्या एका लहानशा समाजाने तो स्वतःच्या अंगावर झेलला आहे. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल.

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. त्यांच्या परंपरागत कथेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जेथे पुरले ती जागा नवगावला आजही दाखविली जाते. या घटनेचा काळ इतिहासाला निश्चित करता आलेला नाही. निश्चित आहे ते एवढेच, की पुढील कित्येक शतके हा समाज कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, खेड्यापाड्यांतून तेलघाणा चालवीत राहिला. तो मराठी बोलू लागला. त्याच्या स्त्रिया नऊवारी नेसू लागल्या. ज्या गावी वस्ती त्या गावाचे नाव त्याने आडनाव म्हणून घेतले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, झिराडकर, तळकर, अष्टमकर, चेऊलकर ही आडनावे ऐकून कोणालाही यहुदी धर्माची आठवण होणार नाही.

मग या लोकांचे वेगळेपण गावाला कसे कळले? ते कळले त्यांच्या घाण्यावरून. इतर तेल्यांचा घाणा शनिवारी चालत असे, यांचा बंद असे. गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. त्या नावात हेटाळणी नव्हती आणि गौरवही नव्हता. जे दिसले ते गावाने नाव म्हणून लावले. शनिवार का पाळता, कोणत्या ग्रंथाच्या आधारे पाळता, तुमची आजी कोण, पणजी कोण, हे कोणी विचारले नाही. हिब्रू भाषा ते विसरून गेले होते. धर्मग्रंथ जवळ नव्हते. उरली होती ती शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, ‘शेमा’ ही एक प्रार्थना, आणि ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’, ‘दारफाळणीचा सण’ अशी मराठी नावे ल्यालेले काही सण. परंपरा सांगते, की डेव्हिड रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी गृहस्थ कोकणात आला. हे लोक आपल्याच धर्माचे आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने तेथील स्त्रियांपुढे नाना जातींची मासळी ठेवली. त्यांनी खवले व पर असलेली मासळी तेवढी निवडली आणि बाकीची बाजूला सारली. रहाबीची खात्री पटली. कथेतील तपशील खरे असोत वा नसोत, तिच्यातील न्याय लक्षात ठेवण्याजोगा आहे. ओळख पटली ती आचारावरून. वंशावळ कोणी मागितली नाही.

अठराव्या शतकात हे लोक मुंबईत व इंग्रजांच्या फौजेत येऊ लागले. सामाजी हसाजी दिवेकर हे फौजेतील अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मांडवी भागात बेने इस्रायलांचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळींनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण उपलब्ध करून दिले, आणि या समाजाने आपला विसरलेला धर्म मराठी भाषेच्या हाताला धरून पुन्हा शिकून घेतला. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापला गेला. १८७४ च्या पुणे आवृत्तीतील चित्रांत तर खाली बसून कणीक मळणाऱ्या लुगडे नेसलेल्या स्त्रिया आहेत. बायबलमधील थोर पुरुषांची चरित्रे कीर्तनाच्या थाटाने गायिली जाऊ लागली. नवस फेडताना पोहे, खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ एलियाहू पैगंबराच्या नावाने वाटला जाऊ लागला. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली आणि समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. डॉ. जेरुशा झिराड प्रसूतिशास्त्रात नाव मिळवून १९६६ साली पद्मश्री झाल्या. १९३७ साली मुंबईचे महापौरपद ई. मोझेस यांच्याकडे आले. पूर्ण मराठी असणे आणि पूर्ण यहुदी असणे या दोन गोष्टी एका घरात नांदू शकतात, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला मिळणे कठीण.

तथापि हे चित्र केवळ उजळ रंगाने रंगविणे सत्याला धरून होणार नाही. गावाने या लोकांना सामावून घेतले ते जातीच्या चौकटीत एक निराळे घर करून देऊन. आणि ज्यांना त्या चौकटीत जागा मिळाली त्यांनी ती चौकट आपल्या घरातही उभी केली. बेने इस्रायलांत ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ असे दोन भेद पडले. बाहेरच्या स्त्रीपासून झालेली संतती ती ‘काळी’. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, काही ठिकाणी रोटीव्यवहारही नाही. पुढे बगदादहून आलेल्या धनिक यहुद्यांनी हाच न्याय साऱ्या बेने इस्रायलांना लावला. त्यांच्या शुद्धतेविषयी संशय घेतला आणि दफनभूमीतही वेगळेपणाची मागणी केली. रंगूनमध्ये १९३० च्या दशकात प्रार्थनामंदिराच्या कारभारात मताचा अधिकार नाकारला गेला, तेव्हा बेने इस्रायलांना न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. शुद्धतेची उतरंड अशी असते. तिच्या प्रत्येक पायरीवर उभ्या असलेल्याला आपल्या खालची पायरी दिसते, वरची पायरी मात्र अन्यायाची वाटते.

आता दृष्टी युरोपकडे वळविली पाहिजे, कारण बेने इस्रायलांचे पुढील भवितव्य तेथे घडलेल्या घटनांनी ठरविले. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९१ साली यहुद्यांना समान नागरिकत्व मिळाले. धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब आहे आणि नागरिक या नात्याने सारे एक, असे ते तत्त्व होते. परंतु कायद्याने दिलेले हे नाते समाजाच्या मनात रुजले नाही. १८९४ साली कॅप्टन ड्रायफस या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. तो यहुदी होता, म्हणून त्याच्या निष्ठेवर संशय घेणे सोपे गेले. त्याचे निर्दोषत्व मान्य होण्यास १९०६ साल उजाडावे लागले. धर्म बदलता येतो, पण एकदा धर्माला रक्त मानले की सुटकेचा मार्ग उरत नाही. जर्मनीतील १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी माणूस काय मानतो हे विचारलेच नाही. त्याच्या आजी-आजोबांपैकी कितीजण यहुदी होते, एवढेच मोजले. त्या मोजणीचा शेवट साठ लाख यहुद्यांच्या संहारात झाला. यहुद्यांना स्वतःचे राज्य हवे, ही मागणी या अनुभवातून बळावली, आणि १९४८ साली इस्रायल अस्तित्वात आले. युरोपातून आलेल्या पुढाऱ्यांनी पाश्चात्त्य राज्ययंत्रणेच्या साच्यावर ते उभारले. १९५० च्या कायद्याने जगातील प्रत्येक यहुद्याला तेथे येऊन राहण्याचा हक्क दिला.

कोकणातील व मुंबईतील बेने इस्रायल निघाले ते या हाकेला ओ देऊन. त्यांना येथून कोणी घालवून दिले नव्हते. भारतात यहुद्यांचा छळ कधी झाला नाही, हे ते स्वतः अभिमानाने सांगत आले आहेत. येथे धर्माने अल्पसंख्य असलेला हा समाज तेथे जाऊन बहुसंख्यांत मिसळणार होता. घडले ते विपरीत. येथे तो ‘यहुदी’ म्हणून ओळखला जाई, तेथे तो ‘हिंदी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. बीरशेबासारख्या वाळवंटी गावांत हलकी कामे, तात्पुरती घरे आणि वर्णावरून मिळणारी निराळी वागणूक अशा त्यांच्या तक्रारी होत्या. १९५१-५२ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी धरणे व उपोषण आरंभून ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ अशी मागणी केली. अन्नत्याग हे शस्त्र त्यांनी कोणत्या भूमीतून नेले होते, हे वेगळे सांगावयास नको. शंभराहून अधिक लोक खरोखर परत आले. त्यांतील बरेचजण काही काळाने पुन्हा इस्रायलला गेले, हेही तितकेच खरे. माणसाचे मन एका गावात पुरते मावत नाही, असेच म्हणावे लागते.

याहून मोठा आघात १९६० नंतर झाला. इस्रायलमध्ये विवाह लावण्याचा अधिकार धर्मपीठाकडे आहे. यहुद्याचा विवाह रब्बीने लावला तरच तो त्या देशात विधिवत लागतो. काही रब्बींनी बेने इस्रायल वधूवरांचे इतर यहुद्यांशी विवाह लावण्यास नकार दिला. त्यांचा आक्षेप धर्मशास्त्राचा होता. यहुदी शास्त्रानुसार विधिवत घटस्फोटपत्र न घेता स्त्रीने दुसरा विवाह केला, तर त्या संबंधातील संतती विवाहाला अपात्र ठरते, आणि तो दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. निपुत्रिक विधवेला दिराने विवाहबंधनातून मोकळे करण्याचाही एक विधी आहे. शतकानुशतके ग्रंथांपासून दूर राहिलेल्या बेने इस्रायलांना हे विधी ठाऊक असणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांच्या पूर्वजांत असे दोष नसतील कशावरून, असा हा युक्तिवाद होता. यातील विसंगती मराठी श्रोत्यांच्या चटकन ध्यानात येईल. कोकणातील रूढीप्रमाणे या समाजात घटस्फोट जवळजवळ नव्हता आणि विधवेचा पुनर्विवाहही नव्हता. मग दोष यावयाचा कोठून? पण हिंदू शेजाऱ्यांपासून उचललेली ही रूढी हिशेबात धरण्यास संशयी दृष्टी तयार नव्हती.

१९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य रब्बी-परिषदेने विवाहास तत्त्वतः मान्यता दिली. परंतु फेब्रुवारी १९६२ मध्ये निघालेल्या सूचनांनी त्या मान्यतेला अट जोडली. वधू किंवा वर बेने इस्रायल असेल, तर त्याच्या मातृकुळाची, शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत, चौकशी करावी, असे विवाहनोंदणी करणाऱ्यांना सांगण्यात आले. नवगावच्या किनाऱ्यावर वाचलेल्यांच्या लेकींनी आता आपल्या पणजीचा दाखला आणावयाचा होता! हा प्रश्न निव्वळ गोऱ्यांनी काळ्यांवर केलेल्या अन्यायाचा आहे, असे म्हणून भागणार नाही. या सूचनांच्या वेळी सेफार्दी यहुद्यांचे मुख्य रब्बी असलेले यित्झाक निस्सिम हे स्वतः बगदादमध्ये जन्मलेले होते. वर्णाची तेढ त्यात मिसळली, हे निःसंशय. पण तिच्या जोडीला कागदावर विश्वासणारे कार्यालय आणि शेजाऱ्याची साक्ष न मानणारे शास्त्र या दोन गोष्टीही होत्या.

समाज पेटून उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात निरनिराळ्या गावांतून बेने इस्रायल स्त्रीपुरुष मुलाबाळांसह जेरुसलेमला आले आणि ज्यू एजन्सीच्या आवारात ठाण मांडून बसले. आठवड्यामागून आठवडे गेले. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेची खास बैठक झाली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या शासनाने आपली भूमिका स्पष्ट केली. बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत कोणताही भेद नाही, आणि धर्मपीठाने भेदभावाची भावना नाहीशी होईल असा मार्ग काढावा, असा तिचा आशय होता. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने सूचनांतून ‘बेने इस्रायल’ हे नाव काढले आणि त्या जागी ‘ज्याच्या यहुदीपणाविषयी शंका असेल असा कोणीही’ असे शब्द घातले. चौकशीची तरतूद राहिली. एका समाजाचे नाव घेऊन त्याच्यावर ठेवलेला संशय मात्र गेला. शेमा प्रार्थना ओठांवर असलेल्या त्या आजीबाईंना आपण यहुदी आहोत हे संसदेच्या ठरावातून ऐकावे लागले, यात आनंद किती मानावा आणि दुःख किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. याच वाटेने १९८० च्या दशकात इथिओपियातून आलेल्या कृष्णवर्णीय यहुद्यांनाही जावे लागले. धर्मात नव्याने प्रवेश केल्याचा विधी करा, असे त्यांना सांगितले गेले, तेव्हा त्यांनीही धर्मपीठासमोर धरणे धरले.

माणूस धर्माने ओळखावा की वंशाने, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांपुढेही आला. त्यातील दोन निकाल बेने इस्रायलांच्या कहाणीशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. इंग्लंडच्या १९७६ च्या कायद्याने वंशावरून भेदभाव करण्यास बंदी केली, पण धर्माचे नाव त्यात नव्हते. एका खासगी शाळेने शीख मुलाला पगडी घालून येण्यास मनाई केली. प्रकरण वरच्या सभागृहातील सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेले आणि १९८३ साली शीख हा दीर्घ सामायिक इतिहास व परंपरा असलेला वांशिक समूह ठरला. मुलाची पगडी वाचली. परंतु ती वाचविण्यासाठी धर्माला वंशाचा अंगरखा घालावा लागला, आणि ज्यांना तो अंगरखा बसत नव्हता ते मुसलमानांसारखे समाज त्या संरक्षणाबाहेर राहिले. धर्मावरून नोकरीत होणाऱ्या भेदभावाला तेथे बंदी आली ती २००३ साली, आणि २००६ च्या समता कायद्याने ती व्यापक झाली.

दुसरा निकाल २००९ सालचा. लंडनमधील एका नामांकित यहुदी शाळेने एका मुलाला प्रवेश नाकारला. मुलाचा बाप यहुदी होता आणि मुलगा धर्म पाळणारा होता. पण आईने यहुदी धर्म स्वीकारला तो सनातनी पंथाला मान्य नसलेल्या पद्धतीने, म्हणून त्या पंथाच्या दृष्टीने मुलगा यहुदी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपैकी पाचांनी हा वंशावरून केलेला भेदभाव आहे, असा निर्णय दिला. शाळा चालविणाऱ्यांना कोणी वंशद्वेष्टे मानीत नाही, असेही न्यायालयात स्पष्ट करण्यात आले. निर्णयानंतर अशा शाळांना प्रवेशाची कसोटी बदलावी लागली. आई कोण, या प्रश्नाच्या जागी प्रार्थनामंदिरात येता काय, धर्माचरण करता काय, हे प्रश्न आले. म्हणजे एवढा मोठा वळसा घालून लंडनचा कायदा कोठे येऊन पोहोचला? कोकणातील गावाने शनिवारी बंद असलेल्या घाण्याकडे पाहून जो न्याय केला होता, त्याच्या जवळपास. या कसोटीलाही आक्षेप घेता येतात. श्रद्धेची हजेरी मांडणे हेही काही सुंदर दृश्य नव्हे. परंतु आचरण माणसाच्या हाती असते, पणजी त्याच्या हाती नसते, एवढा फरक त्यात निश्चित आहे.

आणि रक्ताची साक्ष काढली तरी तिच्यातून काय निघते? २०१६ साली बेने इस्रायलांच्या जनुकीय वारशाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मध्यपूर्वेतील यहुदी पूर्वजांचा अंश स्पष्ट आढळला आणि भारतीय पूर्वजांचा अंशही तितकाच भरीव आढळला. गलबताची कथा सांगणारे खोटे ठरले नाहीत, आणि कोकणची माती आमच्यात आहे म्हणणारेही खोटे ठरले नाहीत. खोटे ठरले ते ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशी विभागणी करणारे. शुद्धतेच्या नावाने ज्यांनी आपल्याच भावंडांची पंगत वेगळी केली, त्यांचेही रक्त मिश्रच होते.

आज बेने इस्रायलांपैकी बहुतेक कुटुंबे इस्रायलमध्ये दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत आहेत. भारतात काही हजारच उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा तो घेण्यास येथे फार थोडी माणसे शिल्लक होती. पण कहाणीचा अखेरचा भाग ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष जवळचा वाटेल. ज्या देशात ‘हिंदी’ म्हणून त्यांना बाजूला सारले गेले, त्याच देशात त्यांनी ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक काढले. नोहा मस्सील यांनी ते निष्ठेने संपादित केले. मराठी ही त्यांच्या धर्माची भाषा नाही, त्या राज्याची नाही, आणि पोटापाण्याचीही नाही. तरी ती त्यांनी टाकली नाही. कोकणात अल्पसंख्य असताना त्यांनी शनिवार जपला, इस्रायलमध्ये अल्पसंख्य झाल्यावर मराठी जपली. जे बहुसंख्यांना आपोआप मिळते, ते अल्पसंख्यांना रोज हाताने राखावे लागते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात. गोटमार सुरू होते. एका काठावर मामा असतो, दुसऱ्या काठावर भाचा. त्या दिवसापुरते काठ हीच ओळख होते, आणि दगड नाते विचारीत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भाचा मामाच्या घरी जातो, कारण काठापेक्षा नाते जुने आहे हे दोघांनाही ठाऊक असते. पाश्चात्त्य देशांतील झगडे असोत वा इथले, सारा प्रश्न त्या दुसऱ्या दिवसाचा आहे.

या शताब्दीच्या निमित्ताने एक विनंती करण्याजोगी आहे. येथील मराठी वाचक स्वतः अल्पसंख्य आहे. शाळेत मराठी शिकविणारा शिक्षक मिळावा, मराठीतून अर्ज करता यावा, यासाठी त्याला झटावे लागते. राज्यघटनेच्या ३५० (क) या अनुच्छेदाने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली असली, तरी ती आठवण करून द्यावी लागते. हा अनुभव दोन प्रकारे वापरता येतो. आपल्या दुःखाचे गाठोडे उराशी धरून बसता येते, किंवा त्या दुःखाच्या आधारे आपल्या गावातील दुसऱ्या लहान समूहाचे दुःख ओळखता येते. मग तो समूह धर्माने वेगळा असो, जातीने असो, किंवा कोरकू-गोंडांसारखा भाषेने. बेने इस्रायलांनी जेरुसलेमच्या रस्त्यावर समता मागितली, तेव्हा त्यांच्यातील जाणत्यांना घरातल्या ‘काळ्या’ भावंडांची आठवण झाली असेल, तर तो झगडा सर्वार्थाने सफल झाला म्हणावयाचा.

ग्रंथालयाच्या नोंदवहीत सभासदाचे नाव असते, वर्गणी असते, नेलेल्या पुस्तकाचा क्रमांक असतो. पणजीचे नाव लिहावयास तिथे रकाना नाही. शंभर वर्षे या संस्थेने माणूस ओळखला तो त्याने कोणते पुस्तक नेले आणि ते वेळेवर परत आणले की नाही यावरून. ही ओळख पुढील शंभर वर्षेही पुरेशी ठरो.